'प्रिन्स ऑफ पर्शिया' : खेळ आणि कथन

एखादी कृती मनापासून आवडावी आणि तिच्या कथनाशी मात्र मनातल्या मनात सतत भांडण चालू असावे, ही अवस्था मराठी वाचकाला अपरिचित नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाला आपण नावे ठेवीत आलो आणि त्या वाचीतही आलो. नाथमाधवांच्या 'वीरधवला'वर ज्यांची किशोरावस्था पोसली, त्यांना प्रौढ वयात त्या अद्भुताचे सांधे खिळखिळे दिसू लागले. पण म्हणून ते पुस्तक त्यांच्या मनातून उतरले असे झाले नाही. आपली समीक्षा मात्र या दुहेरी अवस्थेविषयी बहुधा मौन पाळते. आवडलेल्या कृतीचे दोष सांगावयाचे झाल्यास आवड आधी मागे घ्यावी लागते, असा एक अलिखित संकेत तिच्यात रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात हा संकेत बाजूस ठेवून एका कृतिमालिकेचा विचार करावयाचा आहे. ही मालिका ग्रंथांची नव्हे, व्हिडिओ गेमची आहे. जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये निर्माण केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ व त्याच्यापासून निघालेली संतती, हा माझा विषय आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी या राजपुत्राबरोबर उड्या मारीत आहे, आणि त्याची कथा सांगणाऱ्यांवर रागावतही आहे.

असा खेळ साहित्यविचाराचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. कीर्तनातले आख्यान, लळितातले सोंग, दशावतारी रंगभूमीवरचे ऐन वेळी रचलेले संवाद यांचा विचार आपण साहित्याच्या अंगानेच करतो. जेथे कोणी कोणाला काही सांगत आहे, तेथे कथन आहे. खेळाचा विशेष एवढाच, की येथे कथेतील क्रियापदे ऐकणाऱ्याच्या बोटांत असतात. 'राजपुत्राने दरीवरून उडी घेतली' हे वाक्य कोणी उच्चारीत नाही. ते खेळणाऱ्याला करून दाखवावे लागते, आणि ते चुकते तेव्हा कथेचा नायक मरतो. या एका वैशिष्ट्यातून या प्रकाराची सारी शक्ती आणि त्याच्या बहुतेक अडचणी उद्भवतात.

पहिल्या खेळाची कथा पोस्टाच्या पाकिटाच्या पाठीवर मावेल इतकी आहे. सुलतान युद्धावर गेला आहे. त्याचा वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि राजकन्येला तासाभराची मुदत देतो : विवाह किंवा मृत्यू. तिचा प्रियकर तळघरात निःशस्त्र पडला आहे. त्याने साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचावयाचे. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ज्यांनी कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या मराठीतून वाचल्या आहेत, त्यांना या सामग्रीत नवीन असे काही सापडणार नाही. आणि तरीही हा खेळ कथनाच्या दृष्टीने या मालिकेतील सर्वांत शुद्ध खेळ आहे, असे माझे मत आहे.

त्याचे पहिले कारण शरीर. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावावयास, उडी मारावयास, कठड्याला लोंबकळावयास लावून त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रणातील एकेक आकृती संगणकासाठी गिरवून काढली. तलवारीचे हात त्यांनी एरल फ्लिन यांच्या १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातून घेतले. परिणाम असा झाला की पडद्यावरची बोटभर उंचीची आकृती धावताना थांबली तर लगेच थांबत नाही. तिचा तोल जातो, पाय घसरतो. त्या काळच्या इतर खेळांतील नायक हे बाहुले होते. येथे मरणारे शरीर होते, म्हणून त्याचे मरण लागे. खाली अणकुचीदार सळया आहेत हे ठाऊक असताना उडी घेण्यापूर्वी हात आखडत, हा अनुभव त्या पिढीतील ज्यांनी संगणकाच्या प्रयोगशाळेत चोरून हा खेळ खेळला आहे, ते सारे सांगतील.

दुसरे कारण त्या खेळातील छाया. वाटेत एके ठिकाणी आरसा आडवा येतो. पुढे जावयाचे तर त्याच्यातून धावत उडी घ्यावी लागते. नायक आरशापलीकडे येतो त्याच क्षणी आरशाच्या दुसऱ्या अंगाने त्याची छाया उडी घेऊन पळून जाते, आणि नायकाची प्राणशक्ती एका ठिपक्यापुरती उरते. पुढे ही छाया त्याला छळीत राहते. त्याच्या वाट्याचे औषध ती पिऊन टाकते, तो झेपावत असताना समोरचे दार लावून घेते. अखेरीस दोघे तलवारी उपसून समोरासमोर येतात. छायेला वार लागला की आपलीच शक्ती घटते. तिला ठार केले तर आपण मरतो. येथे काय करावयाचे हे कोणी सांगत नाही. खेळणारा दहादा मरतो, आणि अकराव्या वेळी केव्हातरी त्याला सुचते की तलवार म्यान करावी. तो म्यान करतो, छायाही करते, दोघे एकमेकांकडे चालत येतात आणि एक होतात. त्यानंतर जेथे नुसती पोकळी आहे तेथे पाऊल टाकले की पायांखाली पूल उमटत जातो.

या साऱ्या प्रसंगात शब्द एकही नाही. अद्वैतावरचे कितीतरी निरूपण मी वाचले असेल. पण 'जो समोर उभा आहे तो मीच' हे बोटांनी समजण्याचा प्रसंग माझ्यावर या एकाच ठिकाणी आला. गंमत अशी की ही छाया तत्त्वचिंतनातून जन्मली नाही. यंत्राची स्मृती भरून गेली होती; नव्या पात्राच्या आकृत्यांना जागा उरली नव्हती. तेव्हा नायकाच्याच आकृती थोड्या हलवून, उलटसुलट करून वापरल्या गेल्या, आणि छायापुरुष निर्माण झाला. वृत्ताच्या अडचणीतून कवीला नेमका शब्द सापडावा, तशातली ही गोष्ट आहे.

यानंतर १९९३ चा दुसरा भाग आणि १९९९ चा त्रिमितीतील प्रयत्न यांविषयी येथे विशेष लिहिण्यासारखे नाही. मालिकेचा खरा पुनर्जन्म झाला तो २००३ मध्ये, मॉन्ट्रियल येथील युबिसॉफ्टच्या निर्मितिगृहात. 'द सँड्स ऑफ टाइम' या खेळाच्या लेखनात मेक्नर स्वतः होते. कथा अशी : पर्शियाचा राजा शारमन आपल्या पुत्रासह हिंदुस्थानच्या एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून जातो. महाराजाचा वजीर फितूर झालेला आहे. लुटीत राजपुत्राला एक खंजीर मिळतो. वाळूने भरलेले एक प्रचंड घटिकायंत्र आणि महाराजाची कन्या फराह यांना विजेते बरोबर घेऊन निघतात. पुढे आझाद नगरीत वजिराच्या चिथावणीने राजपुत्र तो खंजीर घटिकायंत्रात खुपसतो, वाळू मोकळी होते, आणि सारे नगर वाळूच्या पिशाच्चांत पालटते. वाचतात ते तिघे : राजपुत्र, फराह व वजीर. खंजिरात साठलेल्या वाळूने काळ थोडासा मागे नेता येतो. म्हणजे पडलेला राजपुत्र पुन्हा कड्यावर उभा राहू शकतो.

ही सर्व कथा राजपुत्र स्वतः सांगत आहे. कोणाला सांगत आहे ते आरंभी कळत नाही. खेळणाऱ्याच्या चुकीने तो दरीत पडून मेला, की त्याचा आवाज येतो : छे, असे घडले नव्हते, मी पुन्हा सांगतो. खेळ अर्ध्यावर सोडून उठू लागलो तर कथा पुरी होण्याआधीच मी जावे काय, अशी विचारणाही होते. खेळांच्या जन्मापासून त्यांना चिकटलेली एक विसंगती या एका युक्तीने मिटते. नायक शंभर वेळा मरतो, तरीही कथा सांगते की तो जिवंत पोहोचला. मग ती शंभर मरणे कोणाची? येथे उत्तर मिळते : ती निवेदकाची जीभ घसरल्याची उदाहरणे आहेत. शहरजादी मरू नये म्हणून गोष्ट सांगते. हा राजपुत्र गोष्ट सांगता सांगता मरतो आणि वाक्य दुरुस्त करून पुढे जातो. अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला ही युक्ती विशेष जवळची वाटली तर नवल नाही. खोडलेल्या वाक्यांचा ढीग हीच आमची दैनंदिन मिळकत.

न. चिं. केळकरांनी रसास्वादाचे वर्णन करण्यासाठी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. पात्राशी एकरूप व्हावे आणि आपले मीपणही शाबूत असावे, अशी ती अवस्था. कादंबरी वाचताना या दोहोंतील विकल्प सहसा झाकलेला राहतो. खेळात तो प्रत्येक मरणाबरोबर उघडा पडतो. राजपुत्र पडला असे न म्हणता आपण 'मी पडलो' असे म्हणतो, आणि लगेच 'पुन्हा करू' असेही म्हणतो. 'सँड्स ऑफ टाइम'च्या कर्त्यांनी हा विकल्प लपविला नाही. त्यालाच निवेदनाचे अंग करून घेतले. या बाबतीत त्यांच्या तोडीचे काम नंतरच्या खेळांत मला क्वचितच आढळले आहे.

शेवटी कळते की ऐकणारी फराहच आहे. वाळूच्या पिशाच्चांशी झालेल्या झगड्यात ती राजपुत्राच्या डोळ्यांदेखत दरीत पडून मेली. तेव्हा त्याने खंजीर पुन्हा घटिकायंत्रात खुपसून सारा काळ मागे नेला, हल्ल्याच्या आदल्या रात्रीपर्यंत. आणि आता तो तिच्या शयनगृहात येऊन, ज्या गोष्टी तिच्या दृष्टीने घडल्याच नाहीत त्या तिला सांगत आहे. आपण जे आठ-दहा तास खेळलो तो सारा एका अविश्वासू श्रोत्याला दिलेला पुरावा होता.

येथवर प्रेम. आता तक्रार.

वाळूमुळे जे पिशाच्च झाले ते राजपुत्राच्या बापाचे सैनिक होते. त्या पिशाच्चांत स्वतः शारमनही आहे. राजपुत्राला त्याच्याशी लढून त्याला पाडावे लागते. हे सारे त्याच्या हातून घडलेल्या अविचाराचे फळ आहे. इतका घोर प्रसंग कथेच्या आरंभीच ठेवला, आणि मग त्याचे केले काय? एक-दोन उद्गार. त्यानंतर राजपुत्र भिंतींवरून धावतो, फराहशी थट्टा करतो, तिच्या बोलण्यावर मनाशी कुरकुरतो. पितृवध आणि ही मिस्कील प्रेमकथा एकाच छपराखाली नांदतात. एकीला दुसरीची दादही नसते. कोणी म्हणेल, शेवटी काळ मागे फिरणार आहे, बाप जिवंत होणार आहे, आणि निवेदकाला हे ठाऊक आहे. म्हणून त्याचा स्वर हलका आहे. निवेदकापुरते हे समर्थन मान्य करता येईल. परंतु ज्याच्या हाताने तलवार चालते तो निवेदक नव्हे. तो त्या क्षणीचा राजपुत्र आहे, आणि त्याला काहीही ठाऊक नाही. त्याने थांबावयास हवे होते. एक दालन असे हवे होते की जेथे शत्रू नाहीत, उड्या नाहीत, नुसते चालावयाचे आहे. छायेच्या प्रसंगी तलवार म्यान करावयास लावणाऱ्या लेखकाला हे सुचू नये याचे मला अजून आश्चर्य वाटते. बहुधा कारण असे की लढाई हा या प्रकारच्या खेळाचा रतीब होऊन बसला आहे. ठराविक अंतराने दहाबारा पिशाच्चे यावीत आणि ती कापली जावीत, हे ठरलेले असते. ती कोण होती हे विचारण्यास कथेला फुरसत नसते.

दुसरी तक्रार शेवटासंबंधी. सारी हकिगत सांगून झाल्यावर फराहचा विश्वास बसत नाही. तेव्हा राजपुत्र एकाएकी तिचे चुंबन घेतो, ती संतापते, तो खंजिराने तेवढा क्षण मागे नेतो आणि काही झालेच नाही असा उभा राहतो. हा प्रसंग मिस्कील म्हणून योजिला आहे. मला तो या कथेवरचा सर्वांत मोठा डाग वाटतो. आतापर्यंत काळ मागे नेण्याच्या शक्तीला एक नीती होती : चूक सुधारावी, प्राण वाचवावा. येथे प्रथमच ती शक्ती एका स्त्रीचा नकार पुसण्यासाठी वापरली जाते. फराह ही बाण मारणारी, भिंतींच्या फटींतून जाऊन दारे उघडणारी, राजपुत्राच्या घमेंडीला टोकणारी नायिका आहे. तिच्या वाट्याला शेवटी विस्मरण यावे हा कथेचा न्याय समजू शकतो. पण तिच्या विस्मरणाचा असा फायदा घेतला जाणे हा न्याय नव्हे.

यानंतर जे झाले ते मालिकेच्या रसिकांत अजून वादाचे आहे. २००४ चा 'वॉरियर विदिन' सात वर्षांनंतर सुरू होतो. राजपुत्राने काळाची फेरफार केली. त्याच्या दैवी मृत्यू लिहिलेला होता आणि तो जगला. म्हणून काळाचा रक्षक दहाका त्याच्या पाठीस लागला आहे. कल्पना म्हणून ही उत्तम आहे. पुसलेल्या गोष्टीची किंमत कोणाला तरी द्यावी लागणारच. पहिल्या भागाच्या गोड शेवटातील न फेडलेले ऋण येथे वसुलीला येते. पुढचा पेच तर अधिक सुंदर आहे. वाळू निर्माणच होऊ नये म्हणून राजपुत्र भूतकाळात जाऊन काळाच्या सम्राज्ञीला मारतो, आणि तिच्या मरणातूनच ती वाळू निर्माण होते. आठवा मुलगा मारील या भयाने कंसाने जे जे केले त्यातूनच त्याचे मरण जवळ आले, त्या जातीची ही रचना आहे. एका काळ्या पिशाच्चाकृतीला आपण खेळाच्या पूर्वार्धात पुनःपुन्हा पाहतो; उत्तरार्धात मुखवटा चढविल्यावर कळते की ती आकृती आपणच होतो. घटनांचा आराखडा कागदावर मांडला तर 'सँड्स ऑफ टाइम'पेक्षा हाच अधिक बांधेसूद ठरेल.

आणि तरीही हा भाग खेळताना कथा हातातून निसटते. निवेदक गेला. मरणानंतर 'असे घडले नव्हते' म्हणणारा आवाज गेला, आणि त्याच्याबरोबर मालिकेने मोठ्या कष्टाने मिळविलेले कथनाचे गुपितही गेले. ज्याची घमेंड हळूहळू विरघळताना आपण पाहिली होती, तो राजपुत्र येथे दात-ओठ खाणारा एक सूडकरी झाला. सात वर्षांच्या पाठलागाने माणूस असा होऊ शकेल. पण ती सात वर्षे आपल्याला दाखविलेली नाहीत, आपण फक्त त्यांचा उल्लेख ऐकतो. पाठीमागे कर्कश रॉक संगीत. समोर येणाऱ्या स्त्रिया अशा वेषात की त्यांच्या चिलखताने शरीराचे रक्षण सोडून बाकी सर्व करावे. या भागात मेक्नर यांचा सहभाग नव्हता, आणि त्याच्या कलादृष्टीविषयी व हिंसेविषयी त्यांनी आपली नापसंती जाहीरपणे नोंदविली होती. दहाका हे नावही असेच उचललेले. अवेस्तातील अझि दहाक हा त्रिमुखी सर्प. त्यातील 'अझि' म्हणजे आपला 'अहि'. काळाच्या रक्षकाशी त्याचा काय संबंध, हे खेळात कोठेही उलगडत नाही. नाव परके आणि भयावह वाटले, एवढ्यावर काम भागले.

२००५ चा 'द टू थ्रोन्स' हा तडजोडीचा खेळ आहे. राजपुत्र बॅबिलोनला परततो. काळाच्या उलथापालथीमुळे वजीर जिवंत आहे. फराह पुन्हा भेटते, अर्थातच त्याला न ओळखणारी. वाळूचा संसर्ग होऊन राजपुत्राच्या आत एक काळा राजपुत्र जन्मतो आणि त्याच्याशी अखंड बोलत राहतो. अखेरच्या झुंजीत मनाच्या आतल्या अंधारात या दोघांचा सामना होतो, आणि तेथेही वार करून जय मिळत नाही; त्याला मागे टाकून निघून जावे लागते. ज्याने १९८९ चा खेळ खेळला आहे त्याला हे पाहून एकदम ओळख पटते. छाया परत आली आहे. फरक एवढाच की सोळा वर्षांपूर्वीची छाया मुकी होती, आणि ही बोलभांड आहे. तिने आपला अर्थ इतक्या वेळा सांगितला आहे की शेवटच्या क्षणी आपल्याला शोधावयास काही उरत नाही. वार थांबव असे फराहचा आवाज आपल्याला सांगतो. पूर्वी ते आपले आपल्याला कळले होते. खेळात कथन वाढले म्हणजे कथा वाढतेच असे नाही, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. मात्र या भागाचा शेवट मला आवडतो : फराह विचारते, तुला माझे नाव कसे ठाऊक, आणि राजपुत्र पहिल्या भागाच्या आरंभीचेच शब्द उच्चारून कथा सांगू लागतो. तीन भागांचे वर्तुळ तेथे मिटते.

२००८ मध्ये कर्त्यांनी नवा नायक, नवी नायिका घेऊन आरंभ केला. या खेळात एलिका नावाची राजकन्या पडत्या नायकाचा हात प्रत्येक वेळी धरते, त्यामुळे मरण असे नाहीच. खेळ सोपा केला म्हणून त्यावर टीका झाली. मला त्याचा शेवट या मालिकेतील सर्वांत धाडसी शेवट वाटतो. अहरिमनला कोंडण्यासाठी एलिका प्राण देते. नायक तिचे प्रेत उचलून बाहेर येतो, आणि मग ज्या शक्तीने अहरिमन बद्ध झाला ती झाडे आपल्याच हाताने तोडून, एलिकेला जिवंत करून, साऱ्या जगावर अंधार सोडतो. हे चित्रफितीत घडत नाही. खेळणाऱ्याला ते करावे लागते. आपण ज्यासाठी इतके तास झटलो ते आपणच मोडीत आहोत हे कळत असते, आणि न मोडता खेळ संपत नाही. एलिका डोळे उघडून जे विचारते त्याला नायकापाशी उत्तर नाही, आणि आपल्यापाशीही नाही. येथे थांबावयास हवे होते. पुढच्याच वर्षी 'उपसंहार' म्हणून एक तुकडा वेगळी किंमत लावून विकण्यात आला, आणि त्याने त्या मौनात भर घातली ती अधिक मारामारीची.

उपसंहाराची गोष्ट निघाली म्हणून एक आठवण. गिंडीतील माझ्या तमिळ मित्रमंडळींत कल्कींच्या 'पोन्नियिन सेल्वन'वर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. मणिरत्नम यांचे दोन चित्रपट २०२२ व २०२३ मध्ये आल्यावर त्या चर्चेला पुन्हा भरती आली होती. १९५० ते १९५४ या काळात 'कल्की' साप्ताहिकातून आठवड्या-आठवड्याने आलेल्या या पाच भागांच्या कादंबरीचा शेवट घाईचा आहे, कित्येक पात्रे वाऱ्यावर सोडली आहेत, अशी तक्रार तिच्या अत्यंत निष्ठावंत वाचकांनीच केली. कल्कींनी कादंबरीला जोडलेल्या उपसंहारात त्या तक्रारींना उत्तर दिले, आणि कोणाचे पुढे काय झाले याचा थोडक्यात हिशेब सांगितला. ते उत्तर सर्वांना पटले असे नाही. सत्तर वर्षे लोटली तरी गिंडीच्या चहाच्या दुकानात नंदिनीच्या जन्मरहस्यावर अजून वाद होतो. पण तेथे लेखक वाचकाशी बोलत होता. येथे दुकान गिऱ्हाइकाशी बोलत होते.

२०१० चा 'द फरगॉटन सँड्स' आणि त्याच वर्षीचा माइक न्यूवेल यांचा चित्रपट, दोन्ही ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. दीर्घ मौनानंतर जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' आला. त्यात नायक राजपुत्र नाही. पळवून नेलेल्या राजपुत्राचा शोध घेणारा सार्गन नावाचा योद्धा आहे. पात्रे फारसी बोलताना ऐकण्याची सोय या खेळाने दिली. पर्शियाच्या राजपुत्राची कथा फारसीत ऐकू यावयास पस्तीस वर्षे लागली, याची नोंद अनुवादकांनी तरी ठेवावी.

मधल्या काळात या मालिकेचा महाराष्ट्राशी संबंध आला होता. 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडविण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील निर्मितिगृहांकडे आहे, असे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिली झलक पाहून चित्रणावर टीका झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि मे २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले. चित्रणाच्या गुणदोषांविषयी मला काही म्हणावयाचे नाही. माझी हळहळ निराळी आहे. या कथेत एक शब्द असा आहे की जो पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलाला मॉन्ट्रियलमधल्या लेखकापेक्षा अधिक कळला असता.

तो शब्द 'काकोलूकीयम्'. खेळाच्या एका शांत प्रसंगी फराह राजपुत्राला सांगते की लहानपणी ती एकटी पडे, भिई, तेव्हा आईने तिला हा शब्द दिला होता; तो म्हटला की एक दार उघडते. हा शब्द तिने दुसऱ्या कोणाला सांगितलेला नाही. काळ मागे फिरल्यावर, चुंबनाचा तो दुर्दैवी प्रसंग पुसल्यावर, ती राजपुत्राचे नाव विचारते, आणि तो म्हणतो : मला काकोलूकीयम् म्हण. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते, खेळ संपतो. पाश्चात्त्य खेळाडूच्या कानाला हा एक गोड, निरर्थक मंत्र आहे. आपल्याला तो पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नाव म्हणून ठाऊक आहे.

आणि त्या तंत्रात काय आहे? कावळे आणि घुबडे यांचे वैर. कावळ्यांचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी स्वपक्षाने आपल्याला मारून टाकून दिले असे सोंग करून घुबडांच्या आश्रयास जातो. रक्ताक्ष नावाचा घुबडांचा मंत्री सांगतो की याला ठार करावे. इतर मंत्री सांगतात की शरणागताला अभय द्यावे. राजा अभय देतो, आणि अखेरीस स्थिरजीवी घुबडांच्या गुहेच्या तोंडाशी लाकडे रचून सर्वांना जाळतो. शत्रूच्या गोटातून आलेला, आपण मित्र आहोत असे सांगणारा, यावर विश्वास ठेवावा काय, हा त्या साऱ्या तंत्राचा प्रश्न आहे.

आता खेळाचा शेवट पुन्हा पाहावा. हल्ल्याच्या आदल्या रात्री, शत्रुसैन्यातला एक तरुण महाराजाच्या कन्येच्या शयनगृहात शिरतो आणि सांगतो, मी मित्र आहे, तुमचा वजीर फितूर आहे, ही घ्या सारी हकिगत. फराहपुढे उभा असलेला प्रश्न अक्षरशः रक्ताक्षापुढचा आहे. आणि आपली खूण म्हणून तो तरुण कोणता शब्द उच्चारतो, तर ज्या कथेत अशा माणसावर विश्वास ठेवल्याने राज्य जळाले त्या कथेचे नाव. लेखकाने हे जाणून केले असेल तर ती या मालिकेतील सर्वांत खोल योजना आहे, कारण येथे कथा उलटविली आहे : कावळा खरे बोलत आहे. न जाणता केले असेल, केवळ सुरस ध्वनी म्हणून शब्द उचलला असेल, तरी अर्थ तेथे आहेच. खेळ मात्र त्याच्याकडे वळून पाहत नाही. पुढच्या भागांत फराह परत येते, विश्वास-अविश्वासाचे प्रश्न पुन्हा उठतात, आणि ज्या बीजातून सारी त्रयी उगवू शकली असती ते तसेच पडून राहते. दहाकाच्या पाठलागात तीन तास घालविण्यापेक्षा माझ्या मते हे अधिक फलदायी झाले असते.

या शब्दाचा प्रवासही या कथेला साजेसा आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात खुस्रो अनुशिरवानच्या काळी बुर्झोय या वैद्याने पहलवीत नेले, आणि तेथून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या अरबीत. कावळे-घुबडांची कथा त्या प्रवासात टिकून राहिली. हिंदुस्थानी राजकन्येने पर्शियाच्या राजपुत्राच्या हाती हा शब्द द्यावा, हे इतिहासाने आधीच एकदा केले होते. पंचतंत्राच्या आरंभी दाक्षिणात्य जनपदातील ज्या महिलारोप्य नगराचा उल्लेख आहे, त्याचा संबंध काही अभ्यासकांनी येथल्या मैलापूरशी जोडला आहे. तो खरा असो वा नसो. पण गिंडीच्या पुढचे रेल्वेस्थानक सेंट थॉमस माउंटचे आहे, आणि त्या टेकडीवरील चर्चमध्ये पोर्तुगीजांना १५४७ मध्ये सापडलेल्या दगडी क्रुसाभोवती पहलवी लिपीतील लेख आहे. पर्शियाची अक्षरे पाहावयाची तर मला फार लांब जावे लागत नाही.

या खेळाचा मराठी अवतार उद्या कोणी करावयाचे ठरविले, तर अनुवादकाची खरी पंचाईत याच शब्दापाशी होईल. तो तसाच ठेवावा हे उघड आहे. भाषांतर करावयाचे तर कशाचे करणार? पण तसाच ठेवला तरी मराठी कानावर तो मंत्र म्हणून पडणार नाही. काक आणि उलूक ही दोन पाखरे त्यातून ताबडतोब बाहेर येऊन बसतील. ज्या मुलाने शाळेत ती गोष्ट वाचली आहे, तो खिडकीतून आलेल्या त्या तरुणाच्या तोंडून हा शब्द ऐकताच फराहच्या हातातील खंजिराकडे पाहील, आणि तिने तो त्याला परत देऊ नये असेच त्याला वाटेल.